भैरवीनं सुरू होणारी तबकडी

मैफलीत भैरवी सुरू झाली की मागच्या रांगेतली मंडळी चपला शोधायला लागतात. भैरवी म्हणजे निरोप, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी मात्र भैरवीनंच सुरू होते. ती पहिल्यांदा ऐकताना माझ्या मनात आलं, या माणसाला एक तर संगीतातलं काही कळत नसावं, नाहीतर फारच कळत असावं. यातलं खरं काय, हे स्वतःशी ठरवायला मला दहाएक वर्षं लागली.

ती माझ्याकडे आली पुण्याच्या भाच्याकडून. साल असेल २०११. "मामा, आपल्या मुंबईच्या माणसानं ॲसिड हाउस शोधून काढलं म्हणे, ऐका." ॲसिड हाउस म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळ्या करून उरलेल्या वेळात पेटीवाल्यांचा, नाटकातल्या ऑर्गनचा इतिहास गोळा करणारा मी. डिस्को म्हटलं की कान मिटून घेणाऱ्यांपैकी. वांगणीच्या घरात, उल्हासनगरात जोडलेल्या ॲम्प्लिफायरवर मी ती लावली. (उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद वाचकांना माहीत असेलच. माझा ॲम्प्लिफायर त्याच जातकुळीचा, पण तीस वर्षं चालू आहे.) दहा राग, प्रत्येक सुमारे पाच मिनिटांचा. पहिल्या बाजूला भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. तानपुरा नाही, तबला नाही, गळा नाही. तीन जपानी यंत्रं आणि एक माणूस.

हा माणूस कोण, ते आधी सांगतो. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओतले वादक. ज्यांचं वाजवणं आपण आयुष्यभर ऐकलं आणि ज्यांचं नाव तबकडीच्या वेष्टनावर कधी आलं नाही, अशा शेकडो वादकांपैकी एक. बास गिटार, गिटार, कळफलकाची नवनवी वाद्यं, जे पुढे येईल ते वाजवणारे. 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'दम मारो दम' या गाण्यात धुरकट, गरगरणारा जो विजेचा सूर आहे, तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या अकॉर्डियनचा. शिवाय लग्नांच्या स्वागतसमारंभांत त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद वाजत असे, आणि सिनेमाच्या चाली गिटारवर वा इतर वाद्यांवर वाजवलेल्या त्यांच्या तबकड्याही निघाल्या होत्या. इराण्याच्या हॉटेलात मागे वाजत राहाव्यात अशा.

१९८२ सालची मुंबई आठवा. जानेवारीत गिरणीसंप सुरू झालेला. 'कुर्बानी' येऊन दोन वर्षं झालेली, नाझिया हसनची 'डिस्को दीवाने' घरोघर पोचलेली, आणि वर्षअखेरीस 'डिस्को डान्सर' यायचा होता. स्टुडिओत रोज तेच ठोके वाजवणाऱ्या सिंग यांच्या मनात एक साधी गोष्ट आली. पुढे मुलाखतीत त्यांनी ती तितक्याच साधेपणानं सांगितली. तिचा आशय असा : सिनेमात सगळीकडे डिस्कोच चाललं होतं, तर म्हटलं डिस्कोच घेऊन काही वेगळं करावं; तबला बंद करावा, राग वाजवावेत आणि त्यांना डिस्कोचा ठेका द्यावा. घरी सराव करून त्यांनी हे जमवलं आणि ग्रामोफोन कंपनीनं ते एचएमव्हीच्या छापानं काढलं.

आता यंत्रांबद्दल थोडं विस्तारानं लिहायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यावरून आहे. तिन्ही यंत्रं रोलंड कंपनीची. ही कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकाला स्थापन केली. ज्युपिटर-८ हा आठ सूर एकावेळी देणारा मोठा सिंथेसायझर. मुख्य सुरावट त्याच्यावर आहे. टीआर-८०८ हे तालयंत्र. त्यात खऱ्या ढोलाचा मुद्रित आवाज नाही. ठोका, टाळी, झांज सगळं विजेच्या मंडलातून घडवलेलं. तिसरं टीबी-३०३, हातात मावणारी चंदेरी पेटी. एकट्या गिटारवादकाला घरी सराव करताना बास गिटारची साथ मिळावी म्हणून कंपनीनं ती काढली. खऱ्या बाससारखी ती वाजलीच नाही, खपली नाही आणि १९८४ मध्ये कंपनीनं ती बंद केली.

३०३ मध्ये सुरावट भरायची ती सोळा घरांत. एका घरात एक सूर. आणि प्रत्येक घराला एक सोय आहे : हा सूर पुढच्या सुरावर तुटक जावा की घसरत जावा, ते ठरवता येतं. रोलंडच्या अभियंत्यांना बास गिटारवरून घसरणारं बोट डोळ्यांपुढे असणार. आपण त्याला मींड म्हणू. अगदी खरी मींड नव्हे. किती वेळात घसरायचं ते यंत्रच ठरवतं आणि वाटेत कुठे रेंगाळायचं ते सांगता येत नाही. तरी दोन सुरांमधली जागा ओलांडण्याची सोय त्यात आहे. पेटीत ती नाही.

पेटीचं नाव काढलं की आकाशवाणीची बंदी आठवते. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीनं पेटी हद्दपार केली. नियंत्रक होते लायनेल फील्डन. रवींद्रनाथ ठाकुरांनीही या बंदीच्या बाजूनं कौल दिला होता. आरोप दोन : पेटीत मींड नाही आणि तिचे स्वर ठोकून बसवलेले, त्यामुळे रागातल्या बारीक श्रुती मरतात. महाराष्ट्राला हे झोंबणं साहजिक होतं. गोविंदराव टेंब्यांची बोटं ज्यांनी ऐकली होती, पायपेटीच्या सुरावर ज्यांनी बालगंधर्व ऐकले होते, त्यांना हा निर्णय साहेबी वाटला. बंदी १९७१ च्या सुमारास अंशतः सैल झाली. या तीस वर्षांत आपल्याकडे एक गोष्ट मात्र घडली : परक्या वाद्यावर राग वाजला तर त्यात काय तपासायचं याची एक शिस्त तयार झाली. मींड आहे का, आंदोलन आहे का, गंधार कुठे लागतो, न्यास कुठे आहे, चलन रागाचं आहे की नुसते रागाचे स्वर मांडलेत. भांडताभांडता का होईना, समीक्षेची हत्यारं आपण घासून ठेवली होती.

१९८२ मध्ये ती कुणी बाहेर काढली नाहीत. तबकडी आली आणि गेली. खप नाही, चर्चा नाही.

हे असं का झालं असावं? शास्त्रीय संगीताच्या माणसाला वेष्टनावरचा 'डिस्को' हा शब्दच पुरेसा होता. त्यानं ती हातात घेतली नसणार. डिस्कोवाल्याला गाणं हवं, नटी हवी, पडदा हवा. या तबकडीला सिनेमा नव्हता. पण मला आणखी एक कारण दिसतं. विजेचं वाद्य आपल्याला नवं नव्हतंच. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनी वाजवली, आणि गावोगावच्या तंबू थिएटरांत लोक त्या बिनीवर डोलले. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी सिंथेसायझर स्टुडिओत आणला. तिकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो लावून दिला आणि गीता साराभाई आदींनी त्यावर प्रयोग केले. (त्या फिती पुढे पन्नासेक वर्षं कपाटात होत्या, २०२३ मध्ये त्यांची तबकडी निघाली.) म्हणजे विजेला आपला विरोध नव्हता. क्लॅव्हायोलिननं बिनीचं सोंग घेतलं म्हणून आपण ते मान्य केलं. सिनेमातल्या सिंथेसायझरनं वाऱ्याचं, भुताचं, अंतराळाचं सोंग घेतलं, तेही चाललं. सिंग यांच्या यंत्रांनी कसलंच सोंग घेतलं नाही. तोडी वाजत असताना यंत्र यंत्रासारखंच बोलत होतं. हे पचायला जड होतं.

आमच्या पट्ट्यातलं उदाहरण द्यायचं तर बेंजोचं देतो. बदलापूर, अंबरनाथ, कर्जत, इकडे पेण-पनवेलपर्यंत हळदीला आणि गणपतीला बेंजो पार्टी वाजते. बेंजो म्हणजे मूळचं बुलबुलतरंग. आणि बुलबुलतरंग मूळचं जपानी ताइशोगोतो, १९१२ च्या सुमारास नागोयात जन्मलेलं. टाइपरायटरसारख्या कळा, पोलादी तारा. आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, भोंग्याला जोडला आणि कोळीगीतं त्यावर अशी चढवली की ते परदेशी आहे हे सांगूनही कुणाला पटत नाही. ओसाकाच्या रोलंडआधी नागोयाचं वाद्य आमच्या हळदीत नाचून गेलंय. पण बेंजोची समीक्षा कुठे झाली? ते 'खालचं' संगीत. सिंग यांची तबकडी या दोन्हींच्या मधे अडकली : वरच्यांना ती डिस्को वाटली आणि खालच्यांपर्यंत ती पोचलीच नाही.

पुढची हकिकत इंग्रजीत भरपूर छापून आली आहे, म्हणून थोडक्यात. एडो बाउमन हा जुन्या हिंदी तबकड्या गोळा करणारा डच गृहस्थ. त्याला २००२ मध्ये दिल्लीत ही तबकडी मिळाली. ऐकून तो चक्रावला. पुढे मुंबईत त्यानं सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छापानं ती पुन्हा काढली. त्याच्या चक्रावण्याचं कारण असं : बंद पडलेली ३०३ अमेरिकेत जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली, शिकागोतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी ती घेतली आणि तिच्या खुंट्या वाजतानाच पिळून एक चिखलात पाय रुतल्यासारखा, चिवट, ओला आवाज काढला. फ्यूचर या त्रिकुटाची 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये आली. ॲसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार तिथून मोजतात. आणि इथे १९८२ च्या मुंबईतल्या तबकडीत तेच यंत्र, तोच ठोका, जवळपास तोच आवाज!

मग कौतुकाचा पूर आला. ॲसिड हाउसचा खरा जनक मुंबईत होता, असे मथळे आले. काहींना तर हे खरंच वाटेना. एफेक्स ट्विन या इंग्लिश संगीतकारानं नवी तबकडी करून जुनी म्हणून खपवली, अशी अफवा उठली. ही अफवा मला फार बोलकी वाटते. एका शीख स्टुडिओवादकानं हे केलं असेल यापेक्षा एका गोऱ्या विक्षिप्त कलावंतानं फसवलं असेल, हे त्या लोकांना जास्त संभवनीय वाटलं. तरी त्यांनी निदान कान देऊन ऐकलं, हेही लिहायला हवं. आपण तेवढंही केलं नव्हतं.

गीता दयाल यांच्यासारख्या समीक्षकांनी तेव्हाच सावध केलं होतं की ही तबकडी आभाळातून पडलेली नाही, त्या काळच्या भारतीय डिस्कोच्या ओघातच ती पाहायला हवी. ते बरोबरच आहे. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की 'जनक' हा प्रश्नच चुकीच्या दाराशी नेतो. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती असं कुणी दाखवलेलं नाही. ज्यानं बाप व्हायचं ठरवलं नाही आणि ज्याची मुलं त्याला ओळखत नाहीत, त्याला जनक म्हणून काय मिळालं? दोन्हीकडे कानांचं लक्ष वेगळं आहे. 'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये सुरावट जवळजवळ नाहीच. खुंटी फिरते आणि आवाजाचा पोत बदलतो, तेच तिचं सर्वस्व. सिंग यांच्याकडे वर सुरावट सतत चालू आहे, खालचा ३०३ तिला आधार देतो. पहिल्याला ऐकताना 'आवाज कसा बदलला' हे ऐकायचं, दुसऱ्याला ऐकताना 'सूर कुठे गेला'. म्हणजे राग. आणि रागाबद्दल त्या सगळ्या कौतुकात एखाद-दुसरं वाक्य, तेही 'गूढ', 'सम्मोहक' वगैरे.

हे काम आपलं होतं. म्हणून मी ते माझ्या परीनं केलं, आणि एकट्यानं केलं नाही.

वांगणीत दृष्टिहीनांची अनेक कुटुंबं राहतात हे लोकलनं जाणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यातला एक चाळिशीतला कीबोर्डवाला माझ्याकडे येतो. दिवसा गाडीत छोट्या वस्तू विकतो, लग्नसराईत हळदीला वाजवतो. अंधशाळेत संगीत शिकला. कान असा की मागच्या डब्यात कुणी बासरी विकत असेल तर ती कुठल्या पट्टीची ते सांगतो. त्याला मी तबकडी ऐकवली; शीर्षक सांगितलं नाही, यंत्रांची नावं सांगितली नाहीत.

भैरवी ओळखून तो हसला. "काका, शेवटून लावली का?" नाही म्हटल्यावर गप्प झाला. ललतला त्यानं मान हलवली. दोन मध्यम एकमेकांना लागून येतात ती जागा त्याला हवी तशी मिळाली. तोडीला नाराज. "गंधार वर राहतोय." बरोबर होतं. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमलाहून खाली, अतिकोमल; सम विभागलेल्या पट्टीत तो जिथे ठेवलाय तिथेच राहणार. १९४० चा आरोप इथे जसाच्या तसा लागू पडतो आणि सिंग त्यातून सुटत नाहीत. दुसऱ्या बाजूला मात्र तो सरसावून बसला. कलावती आणि मालकंस त्यानं दोनदा लावायला सांगितले. मग म्हणाला, "हा पेटीवाला नाय काका. हा गिटारवाला आहे. पेटीवाला सुरावर येतो, हा सुरात घसरतो."

मी त्याला वादकाबद्दल अक्षर सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांत या तबकडीवर जे वाचलं त्यात इतकं नेमकं वाक्य मला सापडलं नाही. ज्युपिटरसारख्या कळांच्या वाद्यावर सिंग यांचा हात तारेवरच्या बोटासारखा चालतो. स्वर लावायचा आणि पुढच्याकडे ओढत न्यायचा. ३०३ च्या घसरत्या घरांनाही याच डोळ्यानं पाहावं असं तेव्हापासून मला वाटतं.

तालाचा मुद्दा त्यानंच काढला. यंत्राची घरं सोळा, त्रितालाच्या मात्राही सोळा, म्हणून मी उत्साहात काही बोलू लागलो. त्यानं अडवलं. "खाली कुठाय?" खरंच नाही. डिस्कोच्या ठेक्यात चारही ठोके सारखे भरलेले. हात उचलण्याची जागा नाही, म्हणून समेवर परत येण्याचा आनंदही नाही. तबला बंद केल्याची ही किंमत. सिंग यांनी ती जाणून मोजली असावी असं मला वाटतं, कारण ठेक्याची हालचाल त्यांनी सुरावटीकडे सोपवली आहे. ती थांबते, तुटते, पुन्हा मुखड्यासारखी येते. पाच मिनिटांत राग कसा मावेल, हा आक्षेप मात्र मी घेणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांची तबकडी ज्यांनी देवघरासारखी जपली, त्या आपल्याला तो शोभत नाही.

राहिली भैरवी. दुसरी बाजू मी पुन्हापुन्हा ऐकत गेलो तसा एक क्रम दिसायला लागला. मेघमल्हार ऋतूचा राग, तो बाजूला ठेवा. त्यानंतर यमन सांजेचा, कलावती रात्रीचा, मालकंस उत्तररात्रीचा आणि शेवटी बैरागी, पहाटेचा. संध्याकाळी सुरू होऊन उजाडताना संपणारी एक अख्खी रात्र. पहिल्या बाजूवर भैरवी, ललत, तोडी सकाळचे आणि मधुवंती दुपार कलतानाची. भूपाळी तेवढी मधे घुसल्यासारखी. (आपल्याकडे भूपाळी म्हटलं की पहाट आठवते, देवाला उठवायची. पण ती गाण्याची जात झाली. राग सांजेचा आहे.) ही रचना सिंग यांनी ठरवून केली की कंपनीतल्या कुणी, याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि तो मिळण्याची आशाही नाही. पण बैरागीच्या पहाटेनंतर तबकडी उलटली तर समोर सकाळची भैरवी येते, आणि गोल फिरणाऱ्या वस्तूला हा क्रम चांगला शोभतो. भैरवी पहिली लावणाऱ्याला संगीतातलं कळत होतं, असं माझं मत झालं आहे.

उतारवयात सिंग यांना युरोपातून बोलावणी आली. सत्तरी गाठलेला माणूस त्याच यंत्रांपुढे उभा राहून तेच राग तरुण गर्दीपुढे वाजवत होता. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले, वय ७४. त्यांच्यासारख्या वादकांचा इतिहास ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकानं २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' या ग्रंथात लिहून ठेवला. त्या इतिहासात एक बोचरी गोष्ट आहे : पुढच्या वर्षांत याच सिंथेसायझरनं स्टुडिओतल्या व्हायोलिनवाल्यांच्या रांगा रिकाम्या केल्या. एका माणसानं तीन यंत्रांवर पूर्ण तबकडी वाजवली, यात येऊ घातलेल्या त्या दिवसांची चाहूल होती. सिंग यांनी ते दुःख मांडलं असं मी म्हणणार नाही. पण १९८२ ची ती तबकडी ऐकताना मला रिकाम्या खुर्च्या ऐकू येतात, आणि त्यांच्यापैकी काही खुर्च्यांवर बसलेल्यांना मी अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत भेटलो आहे. त्यांच्याबद्दल वेगळं लिहायचं आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्या कीबोर्डवाल्यानं नेरळजवळच्या एका हळदीत, बेंजोवाला जेवायला गेला असताना, डिस्कोचा ठेका लावून त्यावर कलावती सोडला. कोळीगीताला नाचणारी माणसं क्षणभर बावरली, मग नाचायला लागली. दहाएक मिनिटं चाललं म्हणे. संपल्यावर नवऱ्या मुलाचा आजा काठी टेकत स्टेजपाशी आला आणि विचारता झाला, "पोरा, ह्या कंच्या सिनेमातला?"

"सिनेमातला नाय, बाबा," असं त्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं पुन्हा वाजवायला लावलं.